नादाला देह लागतो

चंदीगडहून कालक्याच्या रस्त्यानं निघालं की शिवालिकच्या पायथ्याशी पिंजौर लागतं. तिथली सात टप्प्यांनी खाली उतरत जाणारी मुघल बाग सतराव्या शतकात औरंगजेबाचा दूधभाऊ फिदाई खान यानं उभारली. या बागेची एक कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. खानाचा मुक्काम स्थानिक राजाला खुपत होता. त्यानं गळ्याला मोठाले गलगंड झालेल्या बायका फळं-भाजी विकायच्या निमित्तानं खानाच्या जनान्यात पाठवल्या आणि इथल्या हवापाण्यानं माणसाचं असं होतं, अशी आवई उठवली. जनाना घाबरला आणि खानानं मुक्काम हलवला. कथा घडलेली असो वा रचलेली, तिच्यातला गलगंड मात्र खरा आहे. हिमालयाच्या पायथ्याचा हा सगळा पट्टाच आयोडिनच्या तुटवड्याचा. १९५६ पासून व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्यात मिठातून आयोडिन देऊन पाहिलं आणि गलगंड त्यानं ओसरतो हे पुराव्यानिशी दाखवून दिलं. (१९७३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधावर देव आणि करमरकर ही दोन मराठी नावंही आहेत.) म्हणजे जनान्यातल्या बायकांची शंका अगदीच खोटी नव्हती, दोष खरोखरच तिथल्या मातीपाण्यात होता. त्यावरून जागाच शापित आहे, हा निष्कर्ष मात्र खोटा होता. आजाराचं कारण शोधणं आणि आजाराचा अर्थ लावणं ही दोन कामं एकमेकांत मिसळली की पहिल्यातलं बरोबर उत्तरही दुसऱ्यात माणसाला फसवतं. संगीतानं येणाऱ्या फिटबद्दल धर्माच्या अंगानं विचार करताना नेमकी हीच गफलत वारंवार होते, आणि ती दोन्ही बाजूंकडून होते.

अपस्माराचा हा प्रकार फार दुर्मीळ आहे. एक कोटी माणसांत एखादा, असा अंदाज वैद्यकीय ग्रंथांत दिलेला असतो. मॅक्डोनल्ड क्रिचली या ब्रिटिश मेंदूतज्ज्ञानं १९३७ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात अशा रुग्णांची टिपणं एकत्र करून या प्रकाराला स्वतंत्र नाव दिलं. गाणं सुरू होताच माणूस कोसळला, असं यात सहसा होत नाही. ऐकता ऐकता काही मिनिटं जातात, छातीत धडधडतं, भीती किंवा अनावर भावना दाटून येते, मग भान हरपतं. हात चाळा करत राहतात, नजर शून्यात लागते, कधी सगळं अंग झटके देऊ लागतं. मूळ बहुतेकदा कानशिलाच्या आतल्या बाजूला, टेम्पोरल लोबमध्ये सापडतं, आणि डाव्यापेक्षा उजवीकडे जास्त. कुणाला एकाच गायकाच्या आवाजानं फिट येते, कुणाला एखाद्याच वाद्यानं, कुणाला एका ठरावीक गाण्यानं. १९६२ साली ‘ब्रेन’मध्येच एका माणसाची हकीकत छापून आली. त्याला फक्त चर्चच्या घंटांनी फिट यायची, त्याही सगळ्या घंटानादानं नव्हे, त्यातल्या एका विशिष्ट कंपनसंख्येच्या पट्ट्यानं. काहींना गाणं ऐकावंही लागत नाही, ते मनात घोळलं तरी पुरतं. बाहेरच्या ठरावीक निमित्तानं येणाऱ्या फिट आपल्याकडे अनोळखी नाहीत. कर्नाटकात डोक्यावरून कढत पाणी ओतून घेताना येणारी फिट पुष्कळ आढळते आणि बंगळुरूच्या निम्हान्समधून तिच्यावर मोठं काम झालं आहे. पण कढत पाण्याला अर्थ नसतो. गाण्याला असतो, आणि पुढचा सगळा पेच त्यातूनच उभा राहतो.

गेल्या काही वर्षांत या चित्रात एक नवी गोष्ट आली. संगीतानं फिट येणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तात गॅड-६५ नावाच्या एन्झाइमविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं मोठ्या प्रमाणात सापडू लागली. २०२१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांचा अभ्यास ‘एपिलेप्सिया’ या नियतकालिकात मांडला. हे एन्झाइम मेंदूत ग्लुटामेटपासून गाबा बनवतं. ग्लुटामेट मज्जापेशींना चेतवतं, गाबा त्यांना आवरतं. शरीराची संरक्षक यंत्रणा याच एन्झाइमला परकं समजू लागली, तर आवरण्याची बाजू लंगडी पडेल, ही कल्पना सहज पटते. इतक्या सहज पटते म्हणूनच तिथे थोडं थबकायला हवं. गॅड-६५ पेशीच्या आत असतं, रक्तातली प्रतिपिंडं तिथवर पोचतात का, ती स्वतः इजा करतात की दुसऱ्याच पेशींनी चालवलेल्या हल्ल्याची केवळ खूण आहेत, हे अजून ठरलेलं नाही. प्रतिकारशक्ती आवरणारी औषधं दिली तरी या गटातल्या बऱ्याच रुग्णांना मर्यादितच फायदा होतो. हीच प्रतिपिंडं कमी प्रमाणात टाइप-१ मधुमेह असलेल्या असंख्य लोकांत असतात आणि त्यांना गाण्यानं काहीही होत नाही. उलट, संगीतानं फिट येणाऱ्या प्रत्येकात ती सापडतात असंही नाही. या आजारासोबत थायरॉइडचे स्वयंप्रतिकार विकार अनेकदा दिसतात, म्हणजे पिंजौरच्या कथेतली गळ्यातली ग्रंथी इथेही हजर आहेच. एवढं मात्र खात्रीनं म्हणता येतं की काही माणसांच्या बाबतीत गाणं आणि फिट यांच्या मध्ये शरीराच्या संरक्षणव्यवस्थेतली एक चूक उभी आहे. ती चूक त्या माणसाच्या श्रद्धेशी, पापपुण्याशी, स्वभावाशी कशाशीही बांधलेली नाही.

आता धर्माचा प्रश्न. भारतातल्या बहुतेक सगळ्या भक्तिपंथांनी गाण्याला देवापर्यंत नेणारी वाट मानलं आहे. पिंजौरपुरतंच बोलायचं, तर गुरू नानक इथे येऊन गेले अशी परंपरा सांगणारा गुरुद्वारा मंजी साहिब तिथे आहे, आणि शीख पंथाचा मुख्य ग्रंथच रागांनुसार लावलेला आहे. त्यात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत, म्हणजे एका मराठी संताचा शब्द आज पंजाबात रागात बसूनच पूजला जातो. नादालाच ब्रह्म मानणाऱ्या या जगात एखाद्या माणसाला तोच नाद खाली पाडतो, तेव्हा काय म्हणायचं? एक उत्तर असं की नाद ब्रह्म वगैरे काही नाही, तो मेंदूतल्या विजेचा खेळ आहे. दुसरं उत्तर असं की हीच तर देवाच्या स्पर्शाची खूण, देह तो सहन करू शकला नाही इतकंच. ही दोन्ही उत्तरं एकमेकांची शत्रू वाटतात, पण दोघांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे: देहात कारण सापडलं की देवाला जागा उरत नाही. एकजण म्हणून देवाला बाहेर काढतो, दुसरा म्हणून देहातलं कारण नाकारतो. माझं म्हणणं असं की हे गृहीतच आपल्या परंपरेला धरून नाही.

त्याचा सर्वांत भक्कम पुरावा महाराष्ट्रातच लिहिला गेला. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्याचं घराणं काश्मीरहून दक्षिणेत आलेलं, तो स्वतः राजाच्या हिशेबखात्याचा अधिकारी आणि वैद्यकाचाही जाणकार. हा ग्रंथ पुढे उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही संगीतपद्धतींना आधारभूत ठरला. त्यात राग आणि ताल यायच्या कितीतरी आधी, पहिल्याच अध्यायात, मानवी देहाचं प्रकरण येतं: गर्भ कसा धरतो, कसा वाढतो, अवयव कसे घडतात, नाड्या कुठून कुठे जातात. नाद कसा उत्पन्न होतो हे सांगताना शार्ङ्गदेव म्हणतो की बोलण्याची इच्छा झालेला आत्मा मनाला प्रेरणा देतो, मन देहातल्या अग्नीला धक्का देतं, अग्नी वायूला ढकलतो आणि तो वायू नाभीपासून वर चढत हृदय, कंठ, मस्तक असा मुखातून बाहेर पडतो. आजच्या शरीरशास्त्रात यातलं फारसं काही टिकणार नाही. पण रचना पाहा. नादाला ब्रह्म म्हणणाऱ्या माणसानंच त्याच्यापर्यंत जाणारी वाट हाडामांसातून काढली आहे, आणि तसं करताना आपण नादाचं मोल कमी करतो आहोत असं त्याला कुठेही वाटलेलं नाही. जो नाद देहातून उठतो आणि देहानंच ऐकला जातो, तो देह बिघडला की बिघडणारच. आंधळ्या झालेल्या डोळ्यानं सूर्य खोटा ठरत नाही, आणि सूर्य आहे म्हणून डोळ्याचा आजारही खोटा ठरत नाही.

यावर अभ्यासू भक्ताचा एक वजनदार आक्षेप येऊ शकतो. तो म्हणेल, तुमचं देहाचं ठीक, पण आमच्या शास्त्रात भक्तीच्या खुणाच देहावर सांगितल्या आहेत. हे खरं आहे. नाट्यशास्त्रातल्या आठ सात्त्विक भावांत रोमांच, अश्रू, घाम आणि स्वरभंग यांच्याबरोबर कंप आहे, अंग ताठरणं आहे आणि शुद्ध हरपणंही आहे. ज्ञानेश्वरीच्या अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहणाऱ्या अर्जुनाच्या अंगावर हे भाव उमटतात. सूफी परंपरेत ख्वाजा कुतुबुद्दीन बख्तियार काकी यांना १२३५ साली दिल्लीत समा, म्हणजे सूफींचं भक्तिसंगीत, ऐकताना एका फारसी ओळीनं जी अवस्था लागली, ती त्यांच्या मृत्यूनंच संपली असं सांगितलं जातं. थरथर, ताठरणं आणि भान जाणं या तिन्ही गोष्टी फिटमध्येही असतात. मग कोणती थरथर कसली हे ठरवायचं कसं? या प्रश्नाला परंपरेनं स्वतःच उत्तर दिलं आहे, आणि ते माझ्या मते आजच्या कित्येक भाविकांपेक्षा कठोर आहे. सोळाव्या शतकात वैष्णव आचार्य रूप गोस्वामींनी ‘भक्तिरसामृतसिंधु’त सात्त्विक भावांच्या नुसत्या आभासाचा वेगळा विचार केला. अंगावर काटा येतो, डोळ्यांतून पाणी येतं, पण आत भाव नाही, अशी स्थिती असू शकते आणि तिला भक्ती म्हणायचं नाही, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं. देहावरची खूण त्यांनी मानली, पण तिला एकटीला साक्षीला उभं केलं नाही. ही कसोटी इथे लावली की धुकं बरंच निवळतं. अपस्माराची फिट त्याच त्या साच्यात येते, त्याच क्रमानं उलगडते, माणसाला काही देऊन जात नाही. मागे उरतो थकवा, गोंधळ आणि मधल्या मिनिटांचा कोरा कागद. जो भाव माणसाला देवाशी जोडतो तो त्याला स्वतःच्या आठवणीपासून तोडणार नाही.

इथे एक भेद नीट सांभाळायला हवा, कारण विवेकाच्या नावानंही तो पुसला जातो. देवीच्या जागरणात, गोंधळात संबळ वाजू लागल्यावर अंगात येणं हा अपस्मार नाही. त्याला वेळ असते, जागा असते, सभोवती ओळखीची माणसं असतात. वारं आलेली व्यक्ती बोलते, प्रश्नांना उत्तरं देते आणि ठरल्या वेळी शांत होते. तिला मेंदूचा रोग ठरवणं हे फेफरं आलेल्या पोराला झपाटलेलं ठरवण्याइतकंच चुकीचं आहे. दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्यामुळे आजवर भोगलं ते मात्र आजाऱ्यानं. फिट आलेल्याच्या नाकाला कांदा किंवा चप्पल लावणं गावोगाव अजून चालतं. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हे प्रकार इतके नित्याचे होते की अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर महाराष्ट्रात २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत ते नावानिशी लिहावे लागले. आणि याला प्राचीनतेचा आधारही नाही. चरकानं अपस्मारासाठी निदानस्थानात आणि चिकित्सास्थानात स्वतंत्र अध्याय दिले आणि त्याचे चार प्रकार वात, पित्त, कफ आणि तिघांचा संयोग यांवर लावले. ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथानं या आजाराला इतर आजारांहून अधिक दैवी मानायला नकार दिला. तेही जवळपास अडीच हजार वर्षांपूर्वी.

कर्माचा आक्षेप याहून हळुवार आवाजात येतो आणि म्हणून जास्त खोल जखम करतो. शरीर स्वतःवरच उलटलं आहे, असं स्वयंप्रतिकार आजाराचं वर्णन ऐकलं की घरातलं कुणीतरी विचारतं, असं काय केलं होतंस? कर्मविपाकाच्या ग्रंथांत पापानुसार रोग वाटून दिलेले आहेतच. शिकलेल्या घरांत तोच प्रश्न नवे कपडे घालून येतो: तूच मनात काही दडपलं असशील, तूच स्वतःचा द्वेष करत असशील, म्हणून तुझं शरीर तुझ्यावर उठलं. शरीरशास्त्रात आपलं आणि परकं हा भेद पेशींनी रेणूंच्या आकारावरून केलेला असतो. त्यात अहंकार नाही, आत्मद्वेष नाही. गॅड-६५ विरुद्ध प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशीला ते एन्झाइम कुणाचं आहे हे माहीतच नसतं. ज्याला कर्मसिद्धांत मानायचा आहे त्यानं तो अवश्य मानावा, पण तो स्वतःच्या पुढच्या कृतीला लावण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या दुखण्याचा हिशेब मांडायला तो वापरणं म्हणजे करुणेला पळवाट देणं, आणि कुठल्याही संतानं तशी मुभा दिलेली नाही.

आता उरला तो निव्वळ भौतिकवादी. तो म्हणेल, एका एन्झाइमच्या गडबडीनं आणि उजव्या टेम्पोरल लोबमधल्या ठिणगीनं जर भावनेचा महापूर येत असेल, तर कीर्तनात डोळे भरून येणं म्हणजे त्याचीच सौम्य आवृत्ती. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सनं १९०२ सालीच याला उत्तर दिलं: विचार कुठून आला यावरून त्याचं मोल ठरत नाही, त्याच्या फळांवरून ठरतं, नाहीतर नास्तिकाचं मतही त्याच्या यकृताच्या खाती टाकता येईल. उत्तर बरोबर आहे, पण मला ते पुरेसं वाटत नाही. जेम्स मूळ आणि मोल यांना दोन वेगळ्या खोल्यांत ठेवतो. संगीतानं येणारी फिट दाखवते की त्या खोल्यांमधलं दार उघडं आहे. ज्यांना एका विशिष्ट गाण्यानंच फिट येते, त्यांच्या बाबतीत त्या गाण्याची ओळख, त्याच्याशी जडलेली आठवण, त्यानं जागी होणारी भावना हे सगळं कारणाच्या साखळीतच असतं. गाणं मनात घोळल्यानं फिट येते, तेव्हा कानावर एकही लहर पडलेली नसते. पडलेला असतो तो अर्थ. म्हणजे प्रतिपिंडांनी जमीन भुसभुशीत केली असेल, पण तिच्यावर पाऊल पडलं ते अर्थाचं. ज्या घटनेचा दाखला देऊन अर्थ हा केवळ रसायनांचा फेस आहे असं सांगायचं, त्याच घटनेत अर्थ रसायनांना हलवताना दिसतो. यातून आत्मा सिद्ध होत नाही, आणि तसा दावा करणाऱ्यांची मला धास्तीच वाटते. सिद्ध होतं ते एवढंच की देहाची आणि अर्थाची गोष्ट वेगवेगळी सांगता येत नाही. शार्ङ्गदेवालाही त्या तशा सांगाव्याशा वाटल्या नव्हत्या.

हे सगळं मान्य केलं तर धर्माच्या माथी एक जबाबदारी येते, आणि ती गाणं ऐकण्या-न ऐकण्याच्या स्वातंत्र्याची आहे. नवविधा भक्तीत श्रवण पहिलं. श्रवण म्हणजे कान देणं. कानावर आदळणं म्हणजे श्रवण नव्हे. ज्याला एखाद्या सुरावटीनं फिट येते त्याच्यासाठी आपल्या गावांतून वाट काढणं किती कठीण आहे, याचा विचार करावा. सकाळची आरती, अजान, शबद, लग्नाची वरात, गणपतीतला डीजे, हे सगळं भोंग्यावरून येतं आणि त्यातल्या कशालाही नको म्हणता येत नाही. दुसऱ्यांच्या शांततेचा भंग करून ध्वनिक्षेपकावरून प्रार्थना करावी असं कुठलाही धर्म सांगत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ३० ऑगस्ट २००० रोजी चेन्नईतल्या एका चर्चच्या खटल्यात सांगितलं. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगे बंद ठेवण्याचा नियमही त्याच वर्षीचा. ते पाळणं म्हणजे धर्मावरचं आक्रमण, असं मानणाऱ्यांनी आपल्या वस्तीतल्या त्या एका आजाऱ्याला डोळ्यांपुढे आणावं. एक कोटीत एक म्हणून तो नगण्य ठरत असेल, तर एका भक्तासाठीही धावून येणाऱ्या देवाची गोष्ट आपण सांगू नये.

आणि स्वतः रुग्णानं काय करायचं? भजन सोडायचं का? फिटच्या गोळ्या घेणं, कोणत्या सुरावटीनं त्रास होतो याची नोंद ठेवणं, गरज पडली तर रक्तातली प्रतिपिंडं तपासून घेणं आणि क्वचित शस्त्रक्रियेचा विचार करणं, हे डॉक्टरांचं क्षेत्र आहे आणि तिथे भाविकांनी मध्ये पडू नये. औषधानं प्रसाद हिरावला जातो, असं म्हणणाऱ्याला उत्तर एवढंच की फिटमध्ये बुडून किंवा भाजून मेलेली माणसं खरी असतात. पण त्या गाण्यावर ज्याचं प्रेम आहे अशा रुग्णाला ते गाणं सोडून दे म्हणणं हा वैद्यकीय सल्ला असला तरी त्या माणसासाठी ती एक वियोगाची बातमी असते, हेही डॉक्टरांनी ओळखायला हवं. एखादा म्हणेल, मी हे एक पद सोडीन पण कीर्तनाला बसेन. दुसरा म्हणेल, मला कीर्तनच नको, मी पोथी वाचेन. तिसऱ्याला मनातला सूरही धोक्याचा असेल, तर त्याला टाळ-मृदंगाविना वारीत माणसांसोबत नुसतं पायी चालणं पुरेल. या तिघांपैकी कुणाचीही भक्ती उणी आहे असं ज्याला वाटतं, त्यानं आपल्या संप्रदायाचा ग्रंथ पुन्हा उघडून, त्यात सेवा आणि स्मरण हे मार्ग श्रवण-कीर्तनाशेजारी कुणासाठी लिहून ठेवले आहेत, ते शोधावं.